राणी, चिखल आणि झगा

स्त्रीदाक्षिण्य हा शब्द मराठीत फार जपून वापरतात. एक तर तो उच्चारताना जीभ अडखळते, आणि दुसरं म्हणजे तो उच्चारायची वेळ सहसा येतच नाही. बसमध्ये एखादा गृहस्थ उठून बाईमाणसाला जागा देतो, तेव्हा तो पुढच्या स्टॉपवर उतरणार असतो. लग्नाच्या पंगतीत 'आधी बायकांना बसू द्या' असं कुणी ओरडला, तर जिलबी अजून तळून व्हायची आहे असं खुशाल समजावं. इंग्रजांनी मात्र या गुणाची रीतसर मशागत केली. त्याला इतिहासात जागा दिली, पोरांच्या क्रमिक पुस्तकात धडा दिला आणि तो चांगला रुजल्यावर त्याची व्यंगचित्रं काढून यथेच्छ टिंगलही केली. एकाच देवाची सकाळी पूजा आणि संध्याकाळी चेष्टा हे त्यांना छान जमतं. आपल्याकडे ही दोन कामं दोन वेगळे पक्ष करतात, त्यामुळे मारामारी होते.

हे आठवायचं कारण एक चित्र. रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात ते आहे. पुस्तकाला पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, आणि चित्राखालची सही वाळवीनं खाल्लेली आहे. जुन्या खोदचित्रांचा एक मोठा कारखानाच एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात चालला होता. बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर चित्रकार चित्र काढायचा, ते भलताच कुणीतरी मान मोडेपर्यंत बसून खोदायचा, आणि वाहवा बहुधा चित्रकाराची व्हायची. 'पंच' हे विनोदी साप्ताहिक 1841 साली निघालं ते असल्या ठोकळ्यांवरच उभं राहिलं. त्याच गोतावळ्यातल्या गिल्बर्ट अबॉट ए बेकेट या गृहस्थांनी 1847-48 मध्ये इंग्लंडचा अख्खा इतिहासच विनोदी करून लिहिला आणि जॉन लीच यांनी त्याला चित्रं काढली. राजे घसरून पडताहेत, सरदारांच्या विजारी ढिल्या झाल्या आहेत, असा सगळा थाट. विशेष म्हणजे हे बेकेट पुढे लंडनमध्ये मॅजिस्ट्रेट झाले. आपल्याकडे इतिहासाची अशी थट्टा केली तर माणूस मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहतो. तिकडे तो मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसला.

माझ्याकडचं चित्र त्याच घराण्यातलं. मधोमध पहिली एलिझाबेथ राणी. गळ्याभोवती जेवणाच्या ताटाएवढी चुणीदार पट्टी, त्यामुळे डोकं ताटात वाढून ठेवल्यासारखं दिसतं. खाली घेराचा असा काही पसारा की राणी चालते आहे की एखादा तंबू सरकतो आहे हे कळू नये. तिच्या पुढ्यात एक डबकं. डबकं म्हणजे किती? आमच्या गल्लीतलं शेंबडं पोर टांग टाकून पलीकडे जाईल एवढं. आणि त्या डबक्यावर आपला मखमली झगा पसरून गुडघ्यांवर वाकलेला एक रुबाबदार मिशाळ तरुण. हा सर वॉल्टर रॅले. तेव्हा अजून 'सर' व्हायचा होता, पण वाकण्याची तऱ्हा पाहता होणार हे नक्की. मागं बाकीचे दरबारी उभे आहेत आणि चित्रकाराचा खरा खट्याळपणा तिथं आहे. प्रत्येकानं आपापला झगा छातीशी घट्ट आवळून धरला आहे.

गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेलच. राणी फिरायला निघाली, वाटेत चिखल आला, ती थबकली. कुणाला काही सुचेना. तेवढ्यात रॅले पुढे झाला, खांद्यावरचा नवा कोरा झगा त्यानं चिखलावर अंथरला आणि राणी त्यावर हळुवार पावलं टाकत पलीकडे गेली. तात्पर्य, मोठ्यांशी नम्रतेनं वागावं. आमच्या मास्तरांनी तात्पर्य सांगितलं होतं, पण झगा म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं. आम्ही पोरं समजत होतो की रॅलेनं परकर अंथरला, आणि त्याच्याकडे परकर आला कुठून या विचारात तास संपला. हा झगा म्हणजे बिनबाह्यांचा, खांद्यावरून मागं सोडायचा. आपली घोंगडी श्रीमंत घरात दत्तक गेली तर जशी दिसेल तसा.

आता ही गोष्ट घडली का? ती आपल्यापर्यंत आणली टॉमस फुलर नावाच्या पाद्रीबुवांनी. इंग्लंडमधल्या नामवंतांची जिल्ह्याजिल्ह्यानं माहिती देणारा त्यांचा ग्रंथ 1662 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. गोष्ट घडली असेल तर ती 1581च्या आसपासची. म्हणजे मध्ये ऐंशी वर्षं गेली. रॅले मेला तेव्हा फुलरबुवा दहा वर्षांचे होते. राणीच्या काळातल्या कुणीही, आणि त्या दरबारात तर जो तो दुसऱ्यावर नजर ठेवून पत्रं लिहीत बसलेला असे, या झग्याचा उल्लेख केलेला सापडत नाही. फुलरबुवांना गोष्टी सांगायची हौस होती आणि कोट्या करायचीही. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे रॅले आयर्लंडहून दरबारात आला तेव्हा अंगावरचे कपडे हाच त्याच्या मालमत्तेचा मोठा हिस्सा होता. आणि त्या एका झग्याच्या बदल्यात राणीनं त्याला पुष्कळ 'सूट' दिले, असं सांगून ते मोकळे होतात. इंग्रजीत 'सूट' म्हणजे कपड्यांचा जोड आणि 'सूट' म्हणजे दरबारात केलेला अर्जही. कोटी त्यांची, पण ती पुरी होते मराठीत. कारण आपल्याकडे सूट म्हणजे सवलत, आणि रॅलेला खरोखर जे मिळालं ते तेच.

पुढे 1821 साली वॉल्टर स्कॉट यांनी आपल्या 'केनिलवर्थ' कादंबरीत हा झगा पुन्हा अंथरला आणि त्याची कीर्ती जगभर झाली. कादंबरी घडते 1575 साली. रॅले तेव्हा दरबाराच्या आसपासही नव्हता. पण कादंबरीकाराला तारखांची अडचण नसते. स्कॉटचा रॅले तर तो चिखलाचा झगा झटकायलाही तयार होत नाही. डाग हीच त्याची शोभा.

हे सगळं मी घरात मोठ्या उत्साहानं वाचून दाखवत होतो. आमच्या सौभाग्यवती शेंगा सोलत होत्या. त्यांनी चित्राकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "अहो, पण तो झगा धुतला कुणी?"

मी म्हटलं, "इतिहासात तशी नोंद नाही."

"नसणारच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या.

मी यावर बराच विचार केला. मखमल धुणं हा काही साधा प्रकार नाही. रॅलेनं स्वतः धुतला नसणार. म्हणजे कुणीतरी नोकर किंवा धोबीण. तिचं नाव फुलरबुवांच्या नामवंतांत नाही. बरं, त्या काळी मखमल कुणी घालावी यालाही कायदा होता. 1574 साली राणीनं हुकूमच काढला होता की कुठल्या दर्जाच्या माणसानं कुठलं कापड अंगाला लावावं. रेशीम कुणी, मखमल कुणी, जांभळा रंग कुणी, सगळं ठरलेलं. म्हणजे रॅलेनं चिखलात टाकला तो नुसता कपडा नव्हता. दर्जा टाकला. आमचा एक इतिहासाचा प्राध्यापक मित्र म्हणतो की या गोष्टीत खोटं असलंच तर फक्त डबकं आहे. बाकीचं सगळं, म्हणजे अंगावर होतं नव्हतं ते पणाला लावणारा तरुण आणि त्यावरून पाय टाकत जाणारी राणी, अगदी खरं आहे.

मित्राचं म्हणणं पटण्याजोगं आहे. जमाखर्चच मांडून पाहा. खर्चाच्या बाजूला झगा एक, नवा. आता जमा. 1583 साली लंडनमध्ये थेम्सच्या काठावरचा डरहॅम हाऊस हा वाडा राहायला. त्याच साली दारूच्या परवान्यांचा मक्ता: देशातल्या प्रत्येक मद्यविक्रेत्यानं वर्षाला एक पौंड रॅलेला द्यायचा. मग लोकरी कापड परदेशी पाठवण्याचा परवाना. 1585च्या आरंभी 'सर'. आयर्लंडमध्ये 42,000 एकर जमीन. 1587 साली राणीच्या अंगरक्षकांच्या कप्तानाचं पद. शिवाय कटात सापडून फासावर गेलेल्या अँथनी बॅबिंग्टनची मालमत्ता. एका झग्यावर एवढा परतावा लोकरीच्या धंद्यातही कुणाला मिळाला नसेल. आणि राणीचा हिशेबही चोख. तिच्या तिजोरीतून जवळजवळ काही गेलं नाही. चिखलाचे पैसे गावोगावच्या दारूवाल्यांनी भरले.

राणीला यात फसवलं गेलं असं समजू नका. फसणारी बाई चव्वेचाळीस वर्षं राज्य करत नाही. 1581 साली तिचं वय अठ्ठेचाळीस, रॅलेचं तिशीच्या आत-बाहेर. तिनं लग्न केलं नव्हतं आणि लग्न न करणं हेच तिचं राजकारण होतं. दरबारातल्या प्रत्येक पुरुषानं आपण तिच्या प्रेमात आहोत असं वागायचं, हा तिथला शिष्टाचार होता. आपल्याकडे कचेरीत साहेबाच्या मुलीच्या लग्नात जेवण वाढायला उभं राहतात, तसाच, फक्त जास्त काव्यमय. तिनं सगळ्यांना लाडकी नावं ठेवली होती. लेस्टरच्या उमरावाला 'डोळे', ख्रिस्तोफर हॅटनला 'पापण्या', तिला मागणी घालणाऱ्या फ्रेंच ड्यूकला 'बेडूक'. आणि वॉल्टर रॅलेला 'वॉटर', म्हणजे पाणी. हे नवं पाणी दरबारात शिरताच 1582 साली पापण्या ओल्या झाल्या. हॅटननं राणीकडे खूण म्हणून एक इवलीशी बादली पाठवली. पाण्याचा बंदोबस्त करा, हा अर्थ. राणीनं उलट कबुतर पाठवलं. नोहाच्या गोष्टीत प्रलय ओसरल्याची बातमी कबुतर आणतं. घाबरू नकोस, तू बुडणार नाहीस, असा निरोप. राज्यकारभार चालू असताना हा खेळही चालू होता, किंवा हा खेळ हाच राज्यकारभार होता.

मात्र एवढ्यावरून रॅलेला नुसता गोडबोल्या ठरवणं बरोबर नाही. तो कवी होता, दर्यावर्दी होता, विद्वान होता. आणि आणखीही काही होता, जे त्या चित्रात मावत नाही. ज्या आयर्लंडहून तो झगा पांघरून आला, तिथं नोव्हेंबर 1580मध्ये स्मरविक इथं इटालियन आणि स्पॅनिश शिपायांनी किल्ला सोडून शरणागती पत्करली. शस्त्रं खाली ठेवलेल्या सुमारे 600 माणसांना इंग्रजांनी कापून काढलं. ते काम ज्या कप्तानांकडे होतं त्यांतला एक रॅले. वर्षाभरात तेच हात चिखलावर मखमल अंथरायला मोकळे. शाळेतल्या धड्यात हात फक्त झगा पसरताना दिसतात. दाक्षिण्य बहुधा वरच्या दिशेनंच वाहतं. राणीच्या पायाला चिखल लागू नये म्हणून जो कासावीस होतो, त्याला हरलेल्या शिपायाच्या मानेचं काही वाटेलच असं नाही.

तंबाखू आणि बटाटा रॅलेनं आणला म्हणतात, त्याचाही जरा निकाल लावून टाकू. ज्या व्हर्जिनियाला त्यानं माणसं पाठवली, आणि कुमारी राणीवरून जिचं नाव पडलं, तिथं त्यानं स्वतः कधी पाऊल टाकलं नाही. तंबाखूची दरबारात फॅशन पाडण्यात त्याचा वाटा मोठा, एवढं खरं. तो चिलीम ओढत बसला असताना मालक पेटला असं समजून नोकरानं त्याच्यावर भांडंभर पेय ओतलं ही गोष्टही झग्याच्याच जातीची, गोड आणि बिनपुराव्याची. आपल्याकडे मात्र बटाटा काय, तंबाखू काय, दोन्ही शब्दांसकट पोर्तुगिजांबरोबर आले. बटाटेवड्याचं श्रेय रॅलेला द्यायचं कारण नाही.

आता गोष्टीत खरी बाई येते. राणीच्या खाजगी दालनात एलिझाबेथ थ्रॉकमॉर्टन नावाची एक तरुणी सेवेला होती. तिला बेस म्हणत. या मुलींना राणीच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे, आणि राणी परवानगी देण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी होती. रॅलेनं आणि बेसनं 1591 साली गुपचूप लग्न केलं. मार्च 1592मध्ये त्यांना मुलगा झाला. मूल ही गोष्ट फार दिवस गुपचूप राहत नाही. ऑगस्टपर्यंत नवरा-बायको दोघंही लंडनच्या टॉवरमध्ये, कैदेत.

कैदेत रॅलेनं काय केलं? राणीची नाव थेम्समधून जाते आहे असं कळताच त्यानं आकांत मांडला. मला वेश पालटून एकदा तिचं दर्शन घेऊ द्या, नाहीतर माझं काळीज फुटेल. पहाऱ्यावरचा अधिकारी जॉर्ज कॅर्‍यू हा त्याचा नातेवाईकच. दोघांची झटापट जुंपली, खंजीर निघाले, आणि त्या धुमश्चक्रीत कॅर्‍यूचा डोक्यावरचा केसांचा नवा टोप उपटून निघाला. हा सगळा प्रसंग पाहणाऱ्यानं ताबडतोब पत्रात लिहून योग्य त्या ठिकाणी पोचवला. पत्र राणीच्या कानावर जाईल अशी व्यवस्था होती, असं जाणकारांचं मत. म्हणजे हा दुसरा झगा. फरक इतकाच की या खेपेला राणी त्यावरून चालत गेली नाही. आणि कैदेतल्याच बायकोला, जिनं या माणसापायी नोकरी, इभ्रत आणि मोकळीक घालवली होती, हा विलाप ऐकू गेला असेल तर तिला काय वाटलं असेल, हे कुठल्याही चित्रकारानं काढलेलं नाही.

रॅले सुटला तो विलापानं नव्हे. मिऱ्यांनी सुटला. आणि इथं आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. गोव्यात पोर्तुगिजांचं बस्तान होतं आणि हिंदुस्थानातला मसाला भरून त्यांची जहाजं लिस्बनला जात. 1592च्या ऑगस्टमध्ये असंच एक अवाढव्य जहाज, 'माद्रि द देउश', म्हणजे देवाची आई, इंग्रजांनी अझोर्स बेटांपाशी पकडलं. मिरी, लवंग, दालचिनी, रेशीम, जडजवाहीर. जहाज डार्टमथ बंदरात आणलं तेव्हा खलाशांपासून लंडनच्या सोनारांपर्यंत सगळे त्यावर तुटून पडले. मोहिमेत रॅलेचा पैसा आणि रॅलेची माणसं, त्यामुळे लूट आवरायला दुसरं कुणी उपयोगी पडेना. राणीनं त्याला पहाऱ्यानिशी बाहेर काढला. जहाजावर पाच लाख पौंडांचा माल होता असा तेव्हाचा अंदाज. चोरापोरी जाऊन उरला तो सुमारे 1,40,000 पौंडांचा. राणीनं पैसा थोडका घातला होता आणि वाटा सगळ्यांत मोठा उचलला. रॅलेच्या हाती आलेलं त्याला पुरेसं वाटलं नाही, पण त्याला स्वातंत्र्य मिळालं. बेसला तेही लगेच मिळालं नाही. ती डिसेंबरपर्यंत आतच होती. झगा अंथरून जे मिळवलं ते लग्न करून गेलं आणि आपल्याकडच्या मिऱ्यांनी थोडंफार परत आणलं, असा हा व्यवहार. दरबारात पुन्हा कप्तान म्हणून पाऊल टाकायला त्याला पाच वर्षं थांबावं लागलं.

1603 साली राणी वारली आणि जेम्स राजा आला. त्याला रॅले आवडत नव्हता, तंबाखू त्याहून आवडत नव्हती. त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला, मृत्यूची शिक्षा, ती तहकूब, आणि मग टॉवरमध्ये जवळजवळ तेरा वर्षं. तिथं बसून त्यानं जगाचा इतिहास लिहिला. 1614 साली छापला गेला तेव्हा तो अजून ख्रिस्तपूर्व काळातच होता. दरम्यान शर्बोर्नची त्याची इस्टेट, जी त्यानं मुलाच्या नावे करून ठेवली होती, ती गेली. का? तर दस्तऐवज उतरवून काढताना कारकुनाच्या हातून मोक्याचे काही शब्द गळले. सात-बाराच्या उताऱ्याशी ज्याचा आयुष्यात एकदाही संबंध आला आहे, त्याला यावर आणखी सांगायला नको. राजाला ती जमीन आपल्या लाडक्या रॉबर्ट कारला द्यायची होती. बेस मुलांना घेऊन राजापुढे गुडघे टेकून बसली. मला ती जमीन कारसाठी हवीच, असं राजा म्हणाल्याचं सांगतात. तिथं फरशी स्वच्छ होती. झगा अंथरायची कुणाला गरज वाटली नाही.

1616 साली रॅलेला सोडलं ते सोन्याच्या लालचीनं. गियानात सोन्याची खाण शोधून देतो म्हणून तो गेला. सोनं सापडलं नाही. 1618च्या आरंभी स्पॅनिश ठाण्यावरच्या चकमकीत त्याचा थोरला मुलगा वॉट मारला गेला. तो रिकाम्या हातांनी परतला, आणि पंधरा वर्षांपूर्वीची तहकूब शिक्षा झटकून वर काढण्यात आली. 29 ऑक्टोबर 1618 रोजी वेस्टमिन्स्टरच्या आवारात त्याला वधस्तंभाकडे नेलं.

तिथं तो फार चांगला वागला, यावर शत्रूंचंही एकमत आहे. त्यानं कुऱ्हाड मागून घेतली, धारेवर बोट फिरवून पाहिलं, आणि औषध कडक आहे पण सगळ्या रोगांवर लागू आहे अशा अर्थाचं काही बोलला. मग त्यानं अंगावरचा गाऊन उतरवला. जल्लादानं गुडघे टेकून त्याची माफी मागितली, रॅलेनं ती दिली. आणि आता जे सांगतो ते त्या वेळच्या वृत्तांतातलं आहे. फुलरबुवांचं नव्हे, स्कॉटसाहेबांचंही नव्हे. रॅलेला आडवं होण्यासाठी जल्लादानं स्वतःच्या अंगावरचा झगा काढला आणि खाली अंथरला. कारणही वृत्तांतात दिलं आहे. कैद्याचा गाऊन खराब होऊ नये म्हणून.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गहिवरून आलं. म्हटलं, आयुष्यभर ज्यानं इतरांपुढे अंथरलं, त्याच्यापुढे शेवटी कुणीतरी अंथरलं. ही गोष्ट मी सौभाग्यवतींना सांगितली. त्या म्हणाल्या, "मग तो गाऊन कुणाला मिळाला?"

चौकशी केली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मेलेल्याचे कपडे सहसा जल्लादाच्या वाट्याला येत.

तेव्हा झग्याचा हिशेब असा दोन्हीकडून जुळतो. तरीही मला त्या जल्लादाचा राग येत नाही, आणि खरं सांगायचं तर रॅलेचाही येत नाही. ज्याच्याजवळ अंगावरचा कपडा एवढीच मालमत्ता आहे त्यानं ती नेमकी कुठं अंथरायची याचा विचार केला तर बिघडलं कुठं? राग थोडा येतो तो आपला. आपण चित्रात झगा पाहतो, राणीची पावलं पाहतो, आणि दाक्षिण्य म्हणजे एवढंच असं समजून पान उलटतो. पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी साचतं. दर वर्षी पहिल्या मोठ्या सरीनंतर कुणीतरी तिथं हातभर अंतरावर विटा मांडून ठेवतो. त्यावरून बायका, म्हातारे, दप्तरवाली पोरं तोल सावरत पलीकडे जातात. कोण मांडतो ते आजवर कळलेलं नाही. त्याला दारूचा मक्ता मिळाल्याचंही ऐकिवात नाही.

रॅलेचं धड वेस्टमिन्स्टरच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये पुरलं. मस्तक लाल कातडी पिशवीत घालून बेसकडे दिलं. तिनं ते मसाले भरून टिकवलं आणि मरेपर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ तीस वर्षं, जवळ बाळगलं असं सांगतात. घरी कुणी आलं तर विचारायची म्हणे, तुम्हाला सर वॉल्टरना भेटायचंय का? माझ्या पुस्तकात याचं चित्र नाही. विनोदी इतिहासाच्या चित्रकारांना हा विषय का सुचला नाही, ते मी समजू शकतो.